शिक्क्याचा कागद

प्रसूतिगृहात नोकरी करणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते मळक्या कपड्यांसारखे साचतात. एक दिवस धुवायला काढले नाहीत की दुसऱ्या दिवशी बादलीत मावत नाहीत! औषध कंपन्यांचे एजंट दरवर्षी डॉक्टरांना डायऱ्या देत, डॉक्टर त्या आमच्याकडे टाकत, आणि ड्यूटी सुटली की मी त्यात चार ओळी लिहून ठेवी. त्यातल्या दोन डायऱ्या एकाच भानगडीनं भरल्या आहेत. मी नर्सचं शिक्षण शोधत होते, ती भानगड.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका प्रसूतिगृहात मी अकरा वर्षं आया होते. हत्यारं उकळणं, बाळाला पहिली आंघोळ घालणं, अडलेल्या बाईच्या उशाशी उभं राहणं, सगळं करत होते. मग थोरले डॉक्टर घरी बसले आणि त्यांचे चिरंजीव मुंबईहून शिकून आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं.

"मावशी, पुढच्या दिवाळीपासून लेबर रूममध्ये ट्रेन्ड माणूसच राहणार. तुम्ही एक सर्टिफिकेट आणा." दवाखान्यात आयाला सगळे मावशी म्हणतात आणि नर्सला सिस्टर.

"कसलं सर्टिफिकेट, डॉक्टर?"

"नर्सिंगचं. कुठलंही चालेल हो! तुमचं नाव आणि खाली शिक्का असला की झालं."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर कपडे धुवायला बाई लागतेच आहे आपल्याला."

डॉक्टरांना कागद हवा होता. मला मात्र खरंच शिकायचं होतं. काय करायचं ते अकरा वर्षांत हातांना पाठ झालं होतं. का करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. बाळंतिणीचं अंग एकाएकी गार पडलं की मी डॉक्टरांना बोलवायला धावायचे. ते येईपर्यंतच्या पाच मिनिटांत काय करावं हे मला माहीत नव्हतं. एकदा ती पाच मिनिटं फार लांबली होती. म्हणून शिकायचं होतं, आणि तेही आयाच्या पगारात बसेल अशा ठिकाणी.

*

पहिला क्लास सायकलच्या दुकानाच्या माडीवर होता. पाटी मात्र 'नर्सिंग कॉलेज'! प्राचार्य म्हणजे एका दवाखान्यातले जुने कंपाउंडर. "आठवडाभर बसून बघा. पसंत पडलं तर फी भरा," म्हणाले. साडी दाखवावी तसं!

कॉलेजात खाट एक, थर्मामीटर एक आणि मुली एकोणीस. रोज तो थर्मामीटर एकोणीस काखांतून फिरे आणि आकडा वहीत लिहायचा. मी माझ्या सवयीनं सगळ्यांचेच आकडे उतरवून घेतले. चार दिवसांनी बघते तर झाडून सगळ्या मुली अठ्ठ्याण्णव पॉइंट चार!

पाचव्या दिवशी माझ्या शेजारची मुलगी तापानं फणफणलेली. दात वाजत होते तिचे. तिलाही अठ्ठ्याण्णव पॉइंट चार!

सर म्हणाले, "ताप न्हाय तुला. नाटकं करू नगंस."

मी थर्मामीटर उचलला आणि सरांच्याच चहाच्या कपात बुडवला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

"सर, हे बिघडलंय."

"बिघडलंय कसलं? नॉर्मल दावतंय की! पेशंटला केवढा धीर येतोय!"

*

आमच्याकडे हौसाबाई नावाची दुसरी आया होती. तोंडानं फटकळ आणि लिहिण्यावाचण्याच्या नावानं शून्य. तिलाही कागदाची घाई. तिनं पेपरातली जाहिरात कुणाकडून तरी वाचून घेतली: 'घरबसल्या परिचारिका व्हा!' पोस्टानं धडे येणार, पोस्टानंच परीक्षा. फी हप्त्यानं.

तिसऱ्या धड्यात नवजात बालकाचं स्नान होतं. 'सरावासाठी बाहुली घ्यावी. बाहुली नसल्यास उशी चालेल.' हौसाबाईनं आजवर शेकड्यानं पोरं न्हाऊ घातलेली. तरीपण पैसे भरलेत म्हणून तिनं उशीला आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी कामावर आली ती कावलेलीच.

"काय गं, झालं का प्रॅक्टिकल?"

"झालं की! उशी अजून गळतीया. लेकरू असतं तर न्युमोनियानं गेलं असतं!"

परीक्षेचे पेपर तिच्या नवऱ्यानं लिहिले. तो एसटीच्या वर्कशॉपात होता, अक्षर झोकदार. निकाल आला, फर्स्ट क्लास! पण बहुधा अक्षरावरूनच असेल, सर्टिफिकेट आलं ते 'श्री.' लावून, नवऱ्याच्या नावाचं!

आठ दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "हौसाबाई, तुमच्या कोर्सचं काय झालं?"

"मालक पास झालं, डॉक्टर. पण बाळंतपणं करायला लाजतोय मेला!"

*

मग कुणी तरी सांगितलं, जयसिंगपूरला एक डॉक्टर आहेत, ते फुकट शिकवतात. सुट्टीच्या दिवशी एसटीनं गेले. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. मुलाखत त्यांच्या पत्नीनं घेतली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"पावणं कुठलं म्हणायचं?"

"मूळचं गडहिंग्लजकडच्या नेसरीचं. आता कोल्हापुरात असते. ट्रेनिंगसाठी आले होते."

"बरं बरं. भाकरी येतीया न्हवं?"

"नर्सिंगला भाकरी?"

"मग! पेशंटला डाएट काय देणार?"

आतल्या खोलीतून एक मुलगी धुण्याची बादली घेऊन बाहेर आली. मी विचारलं, "तू कोण गं?" ती म्हणाली, "मी सेकंड इयरला हाय."

*

खरा कोर्स होता सरकारी हॉस्पिटलात. फी नाही, उलट स्टायपेंड! सातवी पास चालत होतं आणि माझी सातवीची फायनल झालेली होती. हे आधीच का नाही केलं, म्हणून स्वतःवर चिडत अर्ज घेऊन गेले. क्लार्कनं शाळेचा दाखला पाहिला आणि परत सरकवला.

"बाई, तुमचं वय एक वर्सानं उलटून गेलंय."

दाखल्यावर जन्मतारीख एक जून. आमच्या वयाचं निम्मं नेसरी एक जूनला जन्मलेलं आहे! आमचे गुरुजी शाळेत नाव घालताना मुलाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला लावत. बोटं डाव्या कानाला लागली की मूल सहा वर्षांचं. मी उंच आणि हातानं लांब. चौथ्या वर्षीच कान सापडला! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ त्याच दिवशी शाळेत गेला. म्हणजे कागदोपत्री आम्ही जुळी.

मी नेसरीला गेले. गुरुजी खूप थकले होते, पण ओळखलं त्यांनी.

"गुरुजी, माझी दोन वर्षं परत द्या."

"अगं, कानाला लागला हुता की तुझा हात! मी डोळ्यांनी बघितलंय."

"पण मी चार वर्षांची होते!"

"आज तुझी तारीख बदलली तर उद्या सगळं गाव दारात येईल. आन् तुझ्या आईलाच घाई हुती. 'घरात धिंगाणा घालतीया, घ्या हिला साळंत' म्हणाली!"

मग आईलाच घेऊन कोल्हापूरला आले. क्लार्कनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जन्माचा पुरावा पायजे."

आई म्हणाली, "मी काढलंय की हिला! मी पुरावा न्हवं व्हय?"

"आजी, तुमचं चालत न्हाय. गुरुजींचं चालतंय."

"का? त्या वक्ताला गुरुजी हुतं व्हय तितं?"

ऑफिसातले सगळे हसले. क्लार्कही हसला, आणि हसत हसतच अर्ज परत दिला. आईला मी स्टँडवर चहा पाजून गाडीत बसवलं. गडहिंग्लज येईपर्यंत तिनं त्या क्लार्कच्या सात पिढ्या काढल्या, असं कंडक्टर पुढं कितीतरी दिवस सांगत होता! माझ्या हातात तेव्हा एवढंच होतं: त्या दिवसापासून आमच्या प्रसूतिगृहाच्या जन्मरजिस्टरात मी प्रत्येक पोराची वेळ मिनिटासकट लिहायला लागले.

*

दिवाळीला सहा-सात महिने उरले होते. तेवढ्यात एका धर्मादाय मंडळानं सहा महिन्यांचा 'गृहपरिचारिका वर्ग' काढला. फी नावाला आणि शिकवायला खऱ्याखुऱ्या लेडी डॉक्टर येणार. मी पहिल्याच दिवशी अर्ज टाकला. आठवड्यानं उत्तर आलं, टाइप केलेलं, खाली सेक्रेटरींची सही आणि गोल शिक्का: 'मॅट्रिक उत्तीर्ण नसल्याने आपण सदर वर्गात प्रवेशास अपात्र आहात.'

पत्र घेऊन सेक्रेटरींकडे गेले. त्यांची वेगळीच धांदल चालली होती. वर्गाचा पहिला दिवस, बावीस मुली खाटेभोवती उभ्या, आणि प्रॅक्टिकल शिकवणाऱ्या बाईंना आदल्याच दिवशी सरकारी नोकरी लागलेली!

"जरा थांबा बाई," म्हणाले. मी थांबले. समोर एक मुलगी बाळाची बाहुली मानेला धरून भाजीच्या जुडीसारखी हलवत होती. मला बघवेना. मी बाहुली घेतली, मानेखाली हात घालून दाखवलं, आंघोळ दाखवली, दुपट्यात गुंडाळून दाखवलं. मग बाळंतीण खाटेवर असताना खालची चादर कशी बदलायची, तेही दाखवलं. बावीस मुली टाचा उंचावून बघत होत्या.

सेक्रेटरी पुढं आले. "उद्यापासनं येतासा काय? प्रॅक्टिकल शिकवायला?"

"अहो, मला शिकायचंय!"

"शिकायला मॅट्रिक लागतंय, बाई. नियम हाय. शिकवायला असला कुठला नियम न्हाय."

मी अट घातली. डॉक्टरांच्या लेक्चरला मला बसू द्यायचं.

"बसाय कुठनं? बाकं मोजून बावीस माणसांची हायत."

"उभी राहीन."

"उभं ऱ्हावा की! त्याला कोण नको म्हणतंय?"

सहा महिने मी दुपारी शिकवलं आणि दाराशी उभी राहून शिकले. अंग गार पडलं तर पायथ्याकडून खाट उंच करायची, पोट कुठं आणि कसं चोळायचं, किती रक्त म्हणजे जास्त, सगळं डायरीत उतरवलं. लेडी डॉक्टर एकदा म्हणाल्या, "दारातल्या बाई फार चांगले प्रश्न विचारतात. या परीक्षेला का नाहीत?" सेक्रेटरी म्हणाले, "अपात्र हायत."

परीक्षा झाली. सर्टिफिकेटं छापून आली, पंचवीस. सेक्रेटरींनी वेळ वाचावा म्हणून सगळ्या कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून शिक्के मारले, आणि माझं अक्षर बरं म्हणून भरायला मला दिली. पहिली ओळ विद्यार्थिनीचं नाव. दुसरी, प्रशिक्षिकेचं नाव. तिसरी, प्रशिक्षिकेची पात्रता.

सेक्रेटरी वाटप-समारंभाच्या मांडववाल्याशी भांडत होते. मी विचारलं, "साहेब, पात्रतेत काय लिहू?"

"जे हाय ते लिवा की! सगळं मलाच इचारतासा व्हय?"

जे आहे ते मी लिहिलं. त्यांचं पत्र पिशवीतच होतं, समोर ठेवून शब्दाला शब्द उतरवलं: 'मॅट्रिक उत्तीर्ण नसल्याने सदर वर्गात प्रवेशास अपात्र.' बावीस वेळा. एकही खाडाखोड नाही.

समारंभाला पाहुणे म्हणून एक अडत व्यापारी होते. देणगी त्यांचीच. माणूस व्यवहाराचा, हातात आलेला कागद शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा. पहिलं सर्टिफिकेट त्यांनी माइकसमोर धरलं आणि खणखणीत आवाजात मुलीचं नाव वाचलं. टाळ्या! माझं नाव वाचलं. टाळ्या! मग वाचलं, "प्रशिक्षिकेची पात्रता! मॅट्रिक उत्तीर्ण नसल्याने सदर वर्गात प्रवेशास अपात्र!"

सगळ्यात जोरात टाळ्या तेव्हा पडल्या. सेक्रेटरीही फोटोग्राफरकडं तोंड करून वाजवत होते.

तीन कागद उरले होते. त्यातल्या एकावर मी दुसऱ्या ओळीत माझं नाव आणि तिसरीत तीच पात्रता भरली, पहिली कोरी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. दिवाळी चार दिवसांवर होती. डॉक्टरांनी कागद उचलला, उजेडाकडे धरून शिक्का पाहिला, पंचिंग मशीननं दोन भोकं पाडून फायलीला लावला आणि खुशीत म्हणाले,

"बघा सिस्टर, मनावर घेतलं की होतं!"