बाजूचा आधार

ऑफिसात त्यांना सगळे उतारकाका म्हणत. कुठे डोंगर कापला, कुठे रस्ता खचला, की तिथली माती किती तग धरेल हे सांगायचं त्यांचं काम. कामात माणूस चोख, पण बायको गेल्यापासून रिकामं घर त्यांना खायला उठायचं. हे कुणाला सांगतील तर शपथ.

जवळचं असं एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण. तिचं घर टेकडीच्या उतारावर. "माझ्याकडे येऊन राहा," म्हटलं की ताईचं उत्तर ठरलेलं, "घर पडायला आलं, की येईन."

यंदा त्या उताराला भेग पडली आणि तपासणी नेमकी काकांच्या टेबलावर आली. काकांनी घरची मागची खोली झाडून घेतली, नवी गादी आणली.

"काका, नेहमीसारखा एक छेद घ्या आणि मोकळे व्हा," साहेब म्हणाले. छेद म्हणजे ब्रेडच्या स्लाइससारखा उताराचा एक उभा काप. त्याला दोन्ही अंगांनी कुणाचाही आधार नाही, असं धरूनच हिशेब करायचा. सुरक्षिततेचा आकडा एकाच्या खाली आला, की उतार धोक्याचा. तो खाली आला. घर रिकामं करा, एवढंच लिहायचं बाकी होतं. सावध हिशेबाला कोण नावं ठेवणार?

पण काका तिथे स्वतः फिरून आले होते. खचू पाहणारा भाग चिंचोळा, दोन्हीकडे पक्का खडक. कापात तो खडक येतच नाही. त्यांनी रुंदी धरून, अख्ख्या उताराचा हिशेब पुन्हा मांडला. बाजूच्या खडकाने माती धरून ठेवली होती. आकडा चांगला वर गेला. पाण्याला चर काढून दिला, की घराला भीती नाही. क्षणभर वाटलं, पहिलाच कागद द्यावा. दिला दुसरा.

"ताई, घर भक्कम आहे. कुठे जायला नको."

"बरं झालं," ताई म्हणाली आणि दारामागची पेटी पुढ्यात ओढली. पेटी गच्च भरलेली होती. एकेक साडी काढून ती कपाटात परत लावू लागली.

काका घड्या हातात देत राहिले. घर पडत नसलं तरी चल, एवढं म्हणायला काय लागत होतं?

तळाशी त्यांच्या मापाचा नवा स्वेटर निघाला.

"हा तू घेऊनच जा," ताई म्हणाली. "आता माझं तिकडे येणं कुठलं?"