किती दिवस कायम?

जगात हट्टी माणसं पुष्कळ असतील, पण माझ्या होस्टेलमधल्या रूममेटइतकी हट्टी बाई देवानं दुसरी घडवली असेल असं मला वाटत नाही. आणि घडवली असेल, तर तिच्याबरोबर एका खोलीत राहणाऱ्या बिचारीला माझा इथूनच नमस्कार. लोक जुन्या मैत्रिणींच्या आठवणी काढताना डोळे पुसतात. मला तिची आठवण आली की आधी संताप येतो. डोळ्यांचं नंतर बघू.

नांदेडच्या विद्यापीठात आम्ही दोघी अर्थशास्त्रात एम.ए. करत होतो. मी हदगावची, ती किल्लारीची. ज्यांच्या नशिबी अर्थशास्त्र आलं नाही त्यांच्यासाठी सांगते, या शास्त्रातला जवळजवळ प्रत्येक नियम ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या शब्दांनी सुरू होतो. टोमॅटो स्वस्त झाले की लोक जास्त घेतात, पण कधी? तर लोकांची कमाई, आवडनिवड, वांग्या-बटाट्याचे भाव, सगळं जागच्या जागी राहिलं तर. देवळात शिरताना चपला काढाव्यात तसे उत्तरात शिरताना हे शब्द लिहायचे असतात. त्यावर कुणी विचार करत नाही. अकरावीपासून आम्ही ते घोकत आलो आणि मार्क घेत आलो. पण आमच्या बाईसाहेबांनी एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात हात वर केला आणि विचारलं, “सर, आन् न्हाई राहिली तर?”

“काय नाही राहिली?”

“इतर परिस्थिती.”

सर म्हाताऱ्या स्वभावाचे, सहनशील. म्हणाले, “अगं बाई, गृहीत धर. धरायला काही पैसे पडतात का?” त्यावर ही म्हणते, “धरते की सर. पण सोडायचं कवा ते सांगा.” वर्ग हसला. सरही हसले. मी हसले नाही, कारण मला हिच्याबरोबर खोलीवर जायचं होतं आणि तिथं तीच टकळी पुन्हा ऐकायची होती.

‘आन् न्हाई राहिलं तर?’ हे वाक्य ती उठता-बसता म्हणायची. खोलीच्या दाराला आतून कडी म्हणून कधी लावू दिली नाही. चपला उंबऱ्याशी, तोंडं बाहेरच्या दिशेला, पाय घातला की चालू लागावं अशा. दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली, त्यात कपड्यांचा जोड, टॉर्च, बिस्किटांचा पुडा. उघड्या दारातून नांदेडचे सगळे डास माझं रक्त प्यायला यायचे, एकदा तर कुत्रं येऊन माझ्या नोट्सवर झोपलं. मी चिडून म्हटलं, “काय करून राहिलीस तू हे? कडी लाव.” तर म्हणे, “हवा येती.” मला वाटलं आपल्याला कारण कळलंय. मी जरा मायेनं, समजूतदार आवाज काढून म्हणाले, “भूकंपामुळे का गं?” त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा भडकलेलं पाहिलं.

“हे बघ,” ती म्हणाली, “मी भूकंपानंतर लई वर्षांनी जन्मले. गावाचं नाव सांगितलं की लोकांची तोंडं लगेच मयताला आल्यावानी होतेत. आमच्याकडं ऊस हाय, साखर कारखाना हाय, शाळा हाय, भांडणं हायेत. त्याचं कुणी काही विचारंना. मला सर्दी झाली तरी भूकंपामुळंच.”

“मग पिशवी कशाला?”

“आई भरायची. म्हणून मीबी भरते. तुझी आई लोणचं घालती, तू घालतीस. त्याचं कारण विचारलं का मी?”

मी मच्छरदाणी आणली.

एकदा ती मला बाजारात घेऊन गेली, मागणीचा नियम खरा की खोटा ते बघायला. मला अभ्यास होता, सकाळी सकाळीच ऊन मी म्हणत होतं, पण नाही म्हणायची सोय नव्हती. भाजीवाल्या चाचांनी नुकती टोपली मांडली होती, बोहनीही व्हायची होती. ही त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “चाचा, समजा तुम्ही भाव आधा केला, आन् तरीबी लोकांनी घेतलंच न्हाई तर?” चाचांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बेटी, सुबह सुबह बद्दुआ कायकू देती?” मी लाजेनं अर्धमेली झाले. नको असताना पिशवीभर टोमॅटो घेतले आणि तिला ओढत परत आणलं. वाटेत म्हणते कशी, “बघ, भाव कमी न करता मागणी वाढली.” मला तिला तिथंच रस्त्यात सोडून द्यावंसं वाटलं.

धर्माबादला वर्गातल्या एकीचं लग्न होतं, तेव्हा तर तिनं कहर केला. आम्ही सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून निघालो आणि या बाईच्या हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लग्नाला! मी म्हटलं, “अगं, पंगत असते तिथं.” उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्या प्रवासात मी तिच्याशी बोलले नाही. आणि तिथं झालं काय, तर वऱ्हाड अपेक्षेपेक्षा जास्त आलं, मुलीकडच्यांनी आधी त्यांना वाढलं आणि आमच्यापर्यंत येईतो भांडी खडखडीत. मांडवामागे लिंबाखाली बसून आम्ही सगळ्यांनी तिच्या दशम्या खाल्ल्या. ती नुसती चटणी वाढत राहिली. माणसानं बरोबर असावं, पण इतकं बरोबर असू नये की समोरच्याला चटणी तिखट लागल्याचंही सांगता येऊ नये.

एवढं सगळं मी सोसलं. पण तोंडी परीक्षेच्या दिवशी तिनं जे केलं, ते मी आजही सोसलेलं नाही.

लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायची जागा निघणार होती. एकच जागा, आणि वर्गात जी पहिली येईल तिचं नाव आमचे विभागप्रमुख सुचवणार होते. पहिली येणार होती ती. दुसरी मी, तीसुद्धा बरीच मागून. लातूर म्हणजे तिच्या घरापासून एका बसच्या अंतरावर. तिला ती जागा मनापासून हवी होती. मला कसं कळलं सांगू? अख्ख्या दोन वर्षांत ही एकच गोष्ट होती, जिच्याबद्दल तिनं ‘आन् न्हाई मिळाली तर’ असं म्हटलं नाही. उलट पहिल्या तासाला नेसायची साडीसुद्धा ठरवून ठेवली होती, हिरवी, बारीक काठाची. दारातल्या पिशवीकडेही त्या दिवसांत तिचं लक्ष नव्हतं.

मी तिला बजावून बजावून तयार केलं होतं. “तुला पटायची गरज नाही. फक्त म्हण. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ म्हण आणि पुढं जा.” ती “हाव, म्हणते की,” म्हणाली. आत गेली. सवयीप्रमाणे दार उघडंच ठेवलं, म्हणून बाहेर बाकावर बसून मला सगळं ऐकू आलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मागणीचा नियम सांगा.” बारावीच्या पोराला विचारायचा प्रश्न. मी मनात म्हटलं, सुटलो.

“इतर परिस्थिती कायम असताना...” आणि थांबली. मी बाकाची कड घट्ट धरली. “सर, एक विचारू का? किती दिवस कायम?”

“म्हणजे?”

“म्हणजे एक बाजार, एक हंगाम, का जन्मभर? पुस्तकात लिहिलेलं न्हाई. दिवस ठरवल्याबगर नियम खरा का खोटा हे कसं बघायचं?”

“प्रश्न मी विचारायचे असतात,” परीक्षक म्हणाले. आमचे विभागप्रमुख गडबडीनं मध्ये पडले. “सर, मुलगी फार हुशार आहे. किल्लारीची आहे.” झालं. परीक्षकांचा आवाज एकदम तुपात घोळला. “अरेरे, किल्लारी. भूकंप. तरीच! ‘कायम’ या शब्दाची मनात भीती बसली असणार. असू दे, असू दे. मी समजू शकतो. आपण मार्कांचं बघू.”

आता नुसती मान हलवायची होती. तोंड उघडायचंही काम नव्हतं. जागा तिचीच होती.

“न्हाई सर,” ती म्हणाली. “भूकंपाचा काय संबंध? मी प्रश्न मागणीच्या नियमाबद्दल विचारला. उत्तर नसंल तर तसं सांगा, पण गावावर घालू नका.”

बाहेर आली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. “मान हलवली असतीस तर काय झिजली असती का?” मी ओरडले. ती शांतपणे पाण्याची बाटली उघडत म्हणाली, “मग जागा भूकंपाला मिळाली असती. मला न्हाई.” आणि वर मलाच, “जा आत. बोलावलंय तुला. म्हणताना अडखळू नको.”

मी आत गेले. नियम घडाघडा म्हटला. शाबासकी मिळवली. परीक्षकांना माझं गाव विचारावंसंही वाटलं नाही.

तोंडीत तिला जेमतेम पास केलं आणि पहिली मी आले. म्हणून हदगावची मी लातुरात शिकवते, आणि लातूर जिच्या दारात, ती किल्लारीत कारखान्याच्या रस्त्याला एक खोली घेऊन अकरावी-बारावीचे क्लास घेते. मला नेमणुकीचं पत्र मिळालं तेव्हा तिनं ती हिरवी साडी माझ्या बॅगेत घातली. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, “घे, पहिल्या तासाला चांगलं दिसावं माणसानं.” या गोष्टीचाही मला राग आहे. भांडली असती, रडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं. आमची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. दर उन्हाळ्यात मी फोनवर कुरकुर करते, “आणि यंदा नाही झाली तर?” ती पलीकडून हसते आणि म्हणते, “काय करालीस तू हे? माझं वाक्य मला दे.”

यंदाच्या नव्या वर्गात मी मागणीचा नियम सांगायला उभी राहिले. फळ्यावर लिहिलं, ‘इतर परिस्थिती कायम असताना’. मुलं उतरवून घेऊ लागली. मागच्या बाकावरची एक सावळी, किडकिडीत मुलगी उतरवून न घेता उभी राहिली.

“मॅडम, किती दिवस कायम?”

खडू माझ्या हातातच राहिला. ‘गाव कोणतं गं तुझं?’ अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

“प्रश्न बरोबर आहे,” मी म्हणाले. “मला उत्तर येत नाही. बस, आज सगळे मिळून त्यावरच बोलू.”

ती बसली. वर्गाचं दार कुणीतरी लावायला निघालं होतं, त्याला मी राहू दे म्हटलं.