चौथा सांधा

कुसुमावतीबाईंचे हात अकराव्या वर्षापासून लुगडी विणायच्या मागावर. नागपुरात गोळीबार चौकाजवळच्या घरातला माग बंद पडला, तेव्हा त्या विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कारखान्यात लागल्या. तिथे विमानाच्या भागांसाठी कार्बनच्या धाग्याचं काळं कापड विणतात. पूर्वी ते परदेशातून यायचं. मध्यंतरी बाहेरच्यांनी देणं थांबवलं, म्हणून इथेच विणायचं ठरलं. विणायला मशीन होतंच; धाग्यावर नजर ठेवायला विणकरीण हवी होती.

धागा तुटला की मशीन थांबवून कळवायचं, असा नियम. बाईंनी चारदा कळवलं नाही. हातमोजा काढला, घरून आणलेली भाताची खळ बोटावर घेतली, दोन टोकं पिळली आणि मशीन सुरू केलं. लुगड्यावर चाळीस वर्षं हेच केलं होतं. सांधा दिसू न देणं ही विणकराची अब्रू.

पहिला रोल तपासणीला जायच्या आदल्या दिवशी प्रणाली ही तरुण इंजिनियर सगळ्यांना समजावत होती. कापड रसायनात भिजवून कडक करतात, मग तपासणीत तुटेपर्यंत ताणतात. "बोटाचा घाम लागला तरी रसायन तिथे धरत नाही, आणि भाग तिथेच तुटतो," ती म्हणाली. बाईंचा डबा तसाच घरी आला.

"दिसते का सांधा?" सगळं ऐकून नवऱ्याने, ईश्वरदासांनी, विचारलं.

"नाई."

"मंग काहून सांगाले जाते वं? हातची नोकरी जाईन."

"लुगडं उसवलं तं बाई घरात बसते जी. विमान कुठं बसन?"



सकाळी बाईंनी प्रणालीला सगळं सांगितलं.  मग तिने रोल टेबलावर उलगडायला लावला. मशीनवरच्या दोष टिपणाऱ्या कॅमेऱ्याला काहीच सापडलं नव्हतं. बाईंनी डोळे मिटून बोटं फिरवली. दुपारपर्यंत तीन सांधे सापडले. चौथा संध्याकाळपर्यंत सापडेना.

"काकू, नक्की चारच होते ना?" प्रणाली हळूच म्हणाली. "तीनच असतील, तर तेवढे कापून बाकीचा पाठवता येईल. तपासणीसाठी दिल्लीहून दोनदा फोन आला."

बाईंनी पुन्हा एकदा शेवटचा हात फिरवला. कापड गुळगुळीत होतं.

"चारच होते मॅडम. चौथा लई चांगला जमला, मलेच सापडून नाई राहिला. सगळा रोल बाद करा."

प्रणालीने रोल बाद केल्याची लाल चिठ्ठी काढली. तपासणी दीड महिना पुढे गेली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते तिला सुचेना; तेव्हा बाईंनीच सांगितलं, "माझं नाव लिहा."