चौऱ्याऐंशी नंबरची जर्सी

"जर्सी काढ आधी. आणि हा मोबाइल धर, आमचा फोटो घे."

डॉक्टरसाहेब असं म्हणाले. सगळ्या टीमसमोर. मराठीत म्हणाले, बाकीच्यांना कळू नये म्हणून. पण भर मैदानात माणसाला जर्सी काढायला लावली, तर ते कळायला भाषा कशाला लागते?

मॅच संपून पाच मिनिटंही झाली नव्हती. शेवटचा टचडाउन माझा होता. बॉल उजव्या खांद्यावरून आला, मी झेलला, चार पावलं पळालो, रेषेच्या आत गेलो. आम्ही जिंकलो. पोरं माझ्या पाठीवर थापा मारत होती. त्या पाठीवर नंबर होता चौऱ्याऐंशी आणि नंबरच्या वर नाव होतं निशांतचं. निशांत म्हणजे डॉक्टरांचा मुलगा. तो सगळी मॅच गाडीत एसी लावून बसला होता.

मी जर्सी काढली. खाली बनियन, घामानं चिंब. निशांत आला, ती ओली जर्सी नाक मुरडून त्यानं अंगात घातली, हेल्मेट काखेत धरलं. ट्रॉफी त्याच्या हातात गेली. मी बनियनवर, मोबाइल धरून समोर उभा. दोन फोटो घेतले.

डॉक्टर म्हणाले, "एक आडवापण घे."

घेतला. आडवापण घेतला.

खरी नावं सांगत नाही. डॉक्टर अजून कुवेतमध्ये आहेत, मीही आहे. आणि माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, दर वर्षी नव्यानं लागतो. तेव्हा समजून घ्या.

मी रत्नागिरीकडचा. डॉक्टर आमच्याच गावचे. त्यांचं घर गावाच्या मधोमध, आमची बौद्धवाडी पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. मला व्हिसा मिळाला तो त्यांच्या शब्दावर. एका मेंटेनन्स कंपनीत त्यांनी शब्द टाकला आणि मी आलो. तो उपकार मी आठ वर्षं डोक्यावर वाहिला. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन एसी साफ केले, कपाटं सरकवली, गाडी धुतली. खोलीतली माणसं म्हणायची, "अरे, किती करशील? खल्ली वल्ली!" इथं सगळेच असं म्हणतात, म्हणजे सोड ना, जाऊ दे. माझ्याकडून सुटत नव्हतं.

राहायला फरवानियात, खोलीत सहा जण. काम अर्दियाकडच्या एका खेळाच्या मैदानावर. नकली गवत, त्यात काळी रबराची भुकटी. ती झाडायची, सारखी करायची, रेषा पुसट झाल्या की रंगवायच्या. शुक्रवारी तिथं अमेरिकन फुटबॉलवाले यायचे. पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. ह्यांचा बॉल असोल्या, न सोललेल्या नारळाएवढा, दोन्हीकडून निमुळता. एक जण लांबून फेकतो. दुसरा अगदी कडेला उभा असतो, तो पळत सुटतो आणि पळता पळता झेलतो. त्याला म्हणतात वाइड रिसीव्हर. कडेला उभं राहायची मला लहानपणापासून सवय होतीच.

एकदा सरावात एक बॉल भरकटून माझ्या डोक्यावर आला. उजव्या हातात झाडू होता. मी डाव्या हातानं झेलला आणि झाडत राहिलो. कोचनं शिट्टी मारली. जवळ आला, माझा हात उलटापालटा करून बघितला. म्हणाला, "हे कुठं शिकलास?"

काय सांगणार त्याला? कौलं झेलून शिकलो म्हणून?

माझा बापूस छपराची कामं करायचा. पावसाच्या तोंडावर गावभर कौलं परतायची असतात. फुटकी काढायची, नवी घालायची. मी दहावी नापास झालो आणि त्याच्या हाताखाली गेलो. बापूस खालून कौल फेकायचा, मी वर रिपांवर उभा राहून झेलायचो. पाय एका लाकडाच्या पट्टीवर, आणि खालून विटेच्या वजनाचं कौल येतंय. हात ताठ धरला तर कौल फुटतं, हातही फुटतो. बापूस ओरडायचा, "कौलाशी भांडू नको रे! येतंय तसं येऊ दे, हात मागं ने!" दिवसाला पाचशे कौलं. रात्री बोटं मिटायची नाहीत.

ह्याच डॉक्टरांच्या घरावर आम्ही तीन वर्षं कौलं परतली. एका पावसात घर गळायला लागलं. गळती शोधायची तर आत जाऊन वर बघावं लागतं. कुठून उजेड दिसतो, कुठून थेंब पडतो, ते आतूनच कळतं. पण आम्हाला आत कोण घेणार? डॉक्टरांच्या वहिनीबाई आतून काठीनं छपराला टोचायच्या आणि ओरडायच्या, "इथे रे, इथे!" वर बापूस भर पावसात चार पायांवर, टोचलेलं कौल चाचपत फिरायचा. गावात मोबाइल आले होते तेव्हा, बरं का. फार जुनी गोष्ट नाही ही.

बापूस एकदा म्हणाला, "ह्या घराचं छप्पर मी घातलं. आतून कसं दिसतं, म्हायत नाय." रागानं नाही म्हणाला. नुसतं म्हणाला. मला त्या वेळी त्याचाच राग आला होता.

तर कोचनं मला सरावाला घेतलं. काम संपलं की दोन तास. कोच अमेरिकेचा, काळा माणूस, पन्नाशीला टेकलेला, इथल्या एका शाळेत खेळाचा मास्तर. तिकडे तो पैसे घेऊन खेळलेला, पोटापाण्यासाठी. सात वर्षं. टीव्हीवर दिसायचा. मी एकदा माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलंच, "मग इथं कशाला आलात?"

त्यानं आधी बोटं दाखवली. करंगळी आडवीच गेलेली, दुसऱ्या दोन सरळ होत नाहीत. मग गुडघा दाखवला. म्हणाला, सात वर्षांत चार टीम झाल्या. सकाळी जायचं, तर आपल्या कपाटावर आपलं नाव असतं, चिकटपट्टीवर लिहिलेलं. एक दिवस पट्टी नसते. कुणीतरी येतो आणि म्हणतो, साहेबांनी बोलावलंय, येताना वही घेऊन ये. वही म्हणजे खेळातल्या चालींची. ती परत मागितली की तुझं काम संपलं. अशा चार वह्या त्यानं परत दिल्या. शेवटच्या दिवशी घराखाली गाडी लावून दोन तास आतच बसला होता. बायकोला काय सांगायचं, तेच सुचेना म्हणे.

मी म्हटलं, "मग उरलं काय?"

"जेवढे झेलले ते माझ्या नावावर लिहिलेत. सुटले तेही लिहिलेत. टीम काढते, गुडघा जातो. तेवढं कुणाला पुसता येत नाही."

हे बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. बसमध्ये, झाडताना, भात शिजायला ठेवताना तेच. बापसानं गावातली निम्मी घरं झाकली. त्याच्या नावावर काय लिहिलंय? तो गेला तेव्हा मी इथंच होतो. डोळे मिटायच्या आधी तोंडही बघितलं नाही.

टीमचा सगळा खर्च डॉक्टर बघायचे. हेल्मेटं, जर्स्या, पाणी, सगळं. निशांतही वाइड रिसीव्हर, पण पोराचे हात लाकडाचे. वाईट नव्हता तो. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि खाली बघायचा. एक दिवस डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी नावनोंदणी अजून व्हायची आहे. कंपनीचे कागद लागतात. तोवर निशांतची जर्सी घालून खेळ. काय फरक पडतो?" मला वाटलं, खेळायला मिळतंय ना? बास. माझीच चूक. खेळायचा मोह झाला होता मला.

त्या फोटोनंतर दोन आठवड्यांनी खोलीतल्या माणसानं मोबाइल पुढे केला. डॉक्टरांनी व्हिडिओ टाकला होता. निशांतचं नाव, त्याची उंची, त्याचं वजन, आणि खाली अमेरिकेतल्या कॉलेजांना विनंती की ह्या खेळाडूला प्रवेश द्यावा. मग झेल. एकामागून एक अकरा झेल. हेल्मेटच्या आत तोंड दिसत नव्हतं. पण बूट दिसत होते. फरवानियाच्या दुकानातले माझे पांढरे बूट. उजव्याचा तळ सुटला होता, तो मी हिरव्या दोऱ्यानं शिवला होता. अकराच्या अकरा झेलांत तो हिरवा दोरा.

खोलीतला माणूस म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा झाला की हा!" सगळे हसले. मी पण हसलो. मग संडासात गेलो, दार लावलं आणि रडलो. लाज वाटली, संताप आला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कंटाळा आला. ह्या लोकांचा नाही, स्वतःचा. किती वर्षं ह्यांच्या छपरावर उभं राहायचं?

पुढच्या शुक्रवारी मोठी लीग सुरू होणार होती. डॉक्टरांनी गाडीची डिकी उघडली, जर्सी पुढे केली.

"चल, लवकर घाल. कॅमेरावाला आलाय."

"डॉक्टरसाहेब, मी ही घालणार नाही."

"का? घट्ट होते का?"

"माझ्या नावाची असली तर घालीन."

ते हसले. "अरे, तुझ्या नावाला इथे कोण विचारतंय? हेल्मेटच्या आत कोण आहे, कुणाला दिसतं?"

"बूट दिसतात," मी म्हटलं. "व्हिडिओत हिरवा दोरा दिसतोय बघा."

निशांतनं माझ्या पायाकडे बघितलं. "डॅड, लेट्स गो," एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

डॉक्टरांचा आवाज बदलला. "विसरलास वाटतं, कुणामुळे इथे आलास ते. तुझा बाप आमच्या दारात..."

"दारातच," मी म्हटलं. "आत कधी नाही आला."

शूर वगैरे काही वाटत नव्हतं. तसाच कोचकडे गेलो आणि सगळं सांगितलं. जर्सीचं, व्हिडिओचं, बुटाचं. कोच म्हणाला, "तुझी कंपनीच नाव लावायला नको म्हणते, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं." कंपनीला कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, "मीही नीट चौकशी केली नाही. मला जिंकायचं होतं." त्यानं यादीचा कागद काढला, माझं इथलं ओळखपत्र, सिव्हिल आयडी, मागितलं. माझं नाव, मग बापाचं, मग आडनाव.

"हे मधलं कुणाचं?"

"बापाचं. आमच्यात बापाचं नाव मध्ये असतं."

"तोही खेळायचा का?"

"तो फेकायचा," मी म्हटलं.

त्या दिवशी मी साधा बिननावाचा, जुना फाटका टी-शर्ट घालून खेळलो. यादीत नाव होतं ना, बास. तीन बॉल माझ्याकडे आले. दोन झेलले. तिसरा शेवटी आला, अगदी सोपा, छातीवर. सुटला. हात ताठ झाले होते. आम्ही हरलो. मी कोचला म्हटलं, "सुटलेला पण लिहा." त्यानं लिहिला. माझ्यासमोर, माझ्या नावापुढे.

चार दिवसांत कंपनीनं माझी बदली केली, अम्गऱ्याच्या यार्डात. भंगाराचे पत्रे उतरवायचे, पत्रे चढवायचे. शुक्रवारीही दिवसभर ड्यूटी. मैदान संपलं. कुणी शब्द टाकला, ते मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नाही.

काल डॉक्टरांचा फोन आला. आवाज गोड. निशांतच्या अर्जाला कोचचं पत्र लागतं आणि कोच सही करत नाही. "तू फक्त दोन ओळी लिहून दे, की व्हिडिओत निशांतच आहे, तुझा गैरसमज झाला. पुन्हा अर्दियाला आणतो तुला. इकाम्याचंही बघतो. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे रे."

मी पत्र्यांच्या ढिगाशेजारी उभा होतो. हातमोज्यातून गंज आत गेलेला, बोटं मिटत नव्हती. इकामा पुढच्या महिन्यात संपतोय, हे त्यांना पाठ होतं. मलाही पाठ आहे.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? गावी जाऊन काय करणार आहेस? कौलं परतणार?"

"हो, परतीन. पण आता ज्याच्या घरावर चढेन, त्याच्या घरात आधी आत जाईन. गळती आतून बघीन. आत घेणार नसाल, तर तुमचं छप्पर तुम्ही चढून घाला."

फोन मी ठेवला. आधी मी ठेवला. मग पुढचा पत्रा उचलला.