बाईंची सरी

मेथी निवडताना बोटांना तो कडवट वास लागला आणि बनशंकरीतल्या शाळेचं अंगण आठवलं. मी दुसरीत, सांगलीहून नुकतीच आलेली. प्रत्येकाने आपला वाफा स्वतः पिकवायचा होता. बाई जवळ येऊन "सरी" म्हणाल्या, की मी काठीने मातीत आणखी एक सरी ओढायचे, आजोबांच्या शेतातल्यासारखी. पाणी घातल्यावर इतरांचं बी कोपऱ्यात वाहून गेलं. माझी मेथी ओळीत उगवली.

बाईंनी डोळे बारीक करून हिंदीत विचारलं, "घरून कोण आलं होतं? कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

त्या माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या. मलाही त्यांचा संशय आला. स्वतःच सांगतात आणि विसरतात? कन्नडमध्ये सरी म्हणजे 'ठीक आहे', हे मला फार उशिरा कळलं.

"सरी," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा काठी उचलली.