पाऊणपट सूट

जगात अन्याय फार आहे असं म्हणणारी माणसं मला बुऱ्हाणपुरात गल्लोगल्ली भेटली; पण तो अन्याय मोजून, त्यातला बरोबर पाऊण हिस्सा कमी करून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. शाळेत गणित शिकवायचे म्हणून सारं गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि मीही. उंच, काटकुळे, ढांग माझ्या दीडपट. संध्याकाळी तापीच्या राजघाटावर फिरायला निघालो की ते मला चार घरं पुढे उभं करत आणि मग स्वतः चालू लागत. "घाटाच्या पहिल्या पायरीवर भेटू," म्हणत, आणि खरोखर पहिल्या पायरीवर आमचे खांदे एका रेषेत येत. दोघं मिळून फिरायला जातात ते वाटेत बोलण्यासाठी, हे त्यांना सांगायची माझी कधी छाती झाली नाही. नदीपलीकडच्या जैनाबादच्या नावेत बसले तर नाव सुटण्याआधी उठून सगळ्या उतारूंवर नजर टाकत आणि एखाद्या गलेलठ्ठ गृहस्थाला हात जोडून सांगत, "आपण इकडे या, हे तिघे तिकडे जातील." गृहस्थ रागावे, नावाडी हसे, पण नाव सरळ जाई.

अशा माणसाच्या हाती खुंट्यांचा खेळ लागला. त्याचं असं झालं, की गावातल्या एका जीनचा, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याचा, इंग्रज इंजिनिअर विलायतेला परत जाताना नऊ लाकडी खुंट्या आणि दोन जड गोळे मागे टाकून गेला. कपाशीचा हंगाम संपला की जीनचं लांबलचक गोदाम दसऱ्यापर्यंत रिकामं असे. दर रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा जण तिथे जमू लागलो. एका टोकाला खुंट्या मांडायच्या, दुसऱ्या टोकावरून गोळा घरंगळत सोडायचा, दहा पाळ्यांत जास्त पाडील तो जिंकला. पहिले दोन महिने दर वेळी मास्तरच जिंकले. एका डावात त्यांच्या सत्तर खुंट्या पडत, माझ्या पन्नास, आणि गल्लीतले म्हातारे वैद्यबुवा, मास्तरांचे जिवलग, त्यांच्या जेमतेम तीस. दुसरा कोणी असता तर खुशीत राहिला असता. मास्तरांची झोप उडाली. "यात माझी काय मर्दुमकी?" ते मला म्हणाले. "तीसवाल्याला सत्तरवाला हरवतो, हे मला शाळेतही माहीत होतं!"

मग त्यांनी नियम केला. प्रत्येकाची गेल्या तीन रविवारांची सरासरी काढायची, ती सर्वांत वरच्या सरासरीतून वजा करायची, आणि जो फरक येईल त्याच्या पाऊणपट खुंट्या त्याला खेळाआधीच सूट म्हणून द्यायच्या. वैद्यबुवांचा फरक चाळीस, म्हणून सूट तीस. माझा फरक वीस, सूट पंधरा. पाउणकीचे पाढे आम्ही सगळ्यांनीच छड्या खाऊन पाठ केलेले. त्यांचा उपयोग कुठे होईल हे मात्र तोवर कळलं नव्हतं. पूर्ण सूट का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पूर्ण दिली तर सराव कोण करील? अर्धी दिली तर खेळायला कोण येईल?" या एका वाक्यासाठी त्यांना एखाद्या संस्थानाचं दिवाणपद द्यायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

पण सूट म्हटली की ती लाटणारा आलाच. आमच्यातले एक कापडवाले शेटजी चांगले साठ पाडणारे. वर्षाच्या शेवटच्या रविवारी बक्षीस म्हणून परातभर दराबा, म्हणजे आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, असे, आणि शेटजींचा दराब्यावर भारी जीव. त्यांनी ओळीने तीन रविवार पंचवीसच पाडल्या, सरासरी खाली आणली, आणि मोठी सूट घेऊन चौथ्या रविवारी परात उचलली. मास्तरांनी जाब विचारला तर डोळे पुसत म्हणाले, "आता काय सांगू मास्तर, हाताले काय झालतं समजतच नाही. बिलकुल जोर नाही राह्यला होता!" मास्तर गोदामाच्या दाराशी पाठ करून बसले तरी नुसत्या घरघरीवरून गोळा कोणी टाकला ते अचूक सांगत. ते म्हणाले, "शेटजी, जोर गेलेल्या हाताचा गोळा रडतो. तुमचा हसत होता."

त्या दिवशी फळ्यावर दोन नवे नियम लिहिले गेले. एक, मागच्या वर्षीच्या सरासरीवर या वर्षीची सूट ठरेल आणि ती मध्येच बदलणार नाही. दोन, जो मुद्दाम कमी खेळेल तो वर्षभर बाहेर बसेल. शेटजी वर्षभर बाहेर बसले आणि दर रविवारी न चुकता येऊन शेरे मारत राहिले.

पहिला नियम पुढच्याच वर्षी वैद्यबुवांवर उलटला. उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलं. बायको मागेच वारलेली, मुलगा दूर नोकरीला. रविवारचा खेळ एवढीच त्यांची करमणूक. ते डाव्या हाताने खेळू लागले आणि दहा-बारा खुंट्या पाडू लागले. सूट मात्र जुनी तीसच. दर रविवारी हरत. आम्ही सगळ्यांनी मास्तरांना गळ घातली, शेटजी तर हात जोडून म्हणाले, "मास्तर, छोडो ना तो नियम! बुवाले वाढवून द्या, आमची ना नाही." मास्तरांचा चेहरा पडला, पण मान हलली नाही. "मध्येच बदलला तर तो नियम नाही, माझी मर्जी झाली," एवढंच बोलले. मला त्यांचा इतका राग आला की तीन दिवस मी राजघाटावर त्यांच्या मागून चाललो, पुढून नाही.

अखेर वैद्यबुवा म्हणाले, "एवढा रविवार खेळतो, मग नाही येत भाऊ. हरायचं काही नाही, पण तुमी सगळे माह्याकडे पाहून मान खाली घालता."

त्या रविवारी त्यांचा डाव मास्तरांशी होता. वैद्यबुवांनी बारा पाडल्या. सूट धरून बेचाळीस. मास्तर उठले, सदऱ्याची बाही वर केली, आणि गोळा डाव्या हातात घेतला. डाव्या हाताने मात्र ते जीव तोडून खेळले, घामाने निथळले, एकदा तोल जाऊन गुडघ्यावर आपटले. अडतीस झाल्या. वैद्यबुवा जिंकले होते.

आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर मास्तरांनी खडू उचलला आणि फळ्यावर स्वतःचं नाव लिहून पुढे लिहिलं: मुद्दाम कमी खेळले, एक वर्ष बाहेर.

"डावा हात हा काय गुन्हा झाला?" वैद्यबुवा ओरडले.

"तुमचा नाही. उजवा धड असताना माझा, तो गुन्हाच," मास्तर म्हणाले. "पण समोरच्याचा विजय कायम. त्याला हरकत घेणारा नियम मी केलेलाच नाही."

दराब्याची परात त्या वर्षी कोणाकडे गेली ते मला आठवत नाही. पण वैद्यबुवा येत राहिले. नव्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताची सरासरी निघाली, खरी सूट मिळाली, आणि ते पुष्कळदा जिंकलेही. मास्तर वर्षभर दाराशी बसून नुसते मोजत होते. इतका सुखी माणूस मी पाहिला नाही.

पुढे वैद्यबुवा गेले, जीनचे मालक बदलले, आणि खुंट्या मास्तरांच्या अंगणात आल्या. मास्तरांना मोतीबिंदू झाला. समोरच्या खुंट्या त्यांना धुरकट दिसत, तरी रविवारी आम्ही दोघे खेळत असू. एकदा त्यांची ओळीने चौथी पाळी रिकामी गेली. मला राहवलं नाही. मी आवाज न करता गोळा डाव्या हातात घेतला आणि सोडला. तो भिंतीला जाऊन लागला.

मास्तर हसले. "साडूभाऊ, मला दिसत नाही, ऐकू येतं. एक वर्ष बाहेर बसा."

मी बसलो. दर रविवारी जाऊन मी त्यांच्या खुंट्या मोजत असे. सातव्या महिन्यात मास्तर गेले. उरलेले पाच महिने मी रविवारी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो आणि शिक्षा पुरी केली.