गॅरेजमधला फ्रीजर आणि थोरले दीर

माझ्या स्वयंपाकघरात मांस शिजणार नाही, ही अट मी लग्नाआधीच घातली होती. मी पुण्याच्या शाकाहारी घरातली, हे कोल्हापूरकडचे. यांनी ती निमूट पाळली. पण ऐंशीच्या दशकात आम्ही वॉटफर्डला आलो, एका शेतकरी पेशंटने नाताळात यांना फेझंट आणून दिले आणि घरात फ्रीजरचा विषय निघाला. फेझंट म्हणजे तिकडचा रानकोंबडाच, बंदुकीने मारलेला.

यांना ते स्वतःसाठी नको होते. उन्हाळ्यात थोरले दीर पहिल्यांदाच इंग्लंडला यायचे होते. लहानपणी यांना शिकारीला नेणारे तेच. मांसात अडकलेले बंदुकीचे छर्रे एकेक निवडून काढायचे आणि मगच धाकट्याच्या ताटात वाढायचे. आईवडिलांच्या माघारी यांना डॉक्टर केलं तेही त्यांनीच. आपल्याकडे शिकार केव्हाच बंद झालेली. "दादाला एकदा तसं जेवायला घालायचंय," हे म्हणाले. मी फ्रीजरला हो म्हटलं.

फ्रीजर अर्थातच गॅरेजमध्ये जाणार होता. तिथे पश्चिमेला पत्र्याचं दार आणि कोपऱ्यात बॉयलर, त्यामुळे उन्हाळ्यात नुसती भट्टी. दुकानातला माणूस मात्र गॅरेज हिवाळ्यात किती गार पडतं, हेच सारखं विचारत होता; फार थंडीत म्हणे फ्रीजर नीट चालत नाहीत. इंग्लंडात राहून उकाड्याची तक्रार करणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं. मला उभा फ्रीजर हवा होता, कारण गॅरेजमध्ये माझी तांदळाची पोती होती. हे आडव्या पेटीवर अडून बसले. उभ्याचं दार उघडलं की गार हवा खाली सांडते, पेटीतली तळाशीच राहते, हे यांनी मला भर दुकानात हातवारे करून समजावलं. शेवटी पेटी आली, बॉयलरपासून लांब, भिंतीपासून वीतभर पुढे. माझे तांदूळ जिन्याखाली गेले. मला राग आला तो बरेच दिवस टिकला.

त्या उन्हाळ्यात खरंच उकडलं. हे हॉस्पिटलमधून आले की आधी गॅरेजमध्ये जायचे आणि पेटीतला थर्मामीटर बघायचे, पेशंटचा ताप बघावा तसा. घरात यायचे ते त्यानंतर.

दीर आले, तर त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ.

"माळ घातली बघ मी," ते म्हणाले. "आता अंडंसुद्धा चालत नाही. फोनवर सांगायचं राहूनच गेलं."

"बरं केलंस, दादा," हे म्हणाले. यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, माझा तो राग कुठल्या कुठे गेला. पेटीत काय आहे ते दिरांना मीच सांगितलं.

ते यांच्याकडे वळले. म्हणाले, "माझ्यासाठी ठेवलंस होय? तू खा. मी बसतो जवळ."

दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार उघडं टाकून यांनी कॅम्पिंगच्या स्टोव्हवर रस्सा केला. दीर लांब खुर्ची टाकून सांगत होते, कांदा अजून भाज, मीठ आत्ताच नको. मी भाकऱ्या घेऊन गेले, तेव्हा हे फ्रीजरच्या झाकणावर ताट ठेवून जेवायला लागले होते. दीर उठले आणि शेजारी येऊन ताटात वाकून बघू लागले.

"सावकाश खा, बाळा," ते म्हणाले. "छर्रा असंल."

यांनी मान हलवली. त्यानंतरचा प्रत्येक घास यांनी आधी दादाला दाखवला आणि मगच तोंडात घातला.